व्हायोलिनच्या गजाला साबण

परदेशातला नावाजलेला वाद्यवृंद नागपुरात येणार म्हटल्यावर आमच्या धरमपेठेतल्या मंडळींना जे भरतं आलं, बाप्पा! ज्यांच्या घरी पेटीवर टीव्हीचा रिमोट आणि विजेची बिलं पडलेली असतात, ते मला फोन करून विचारायचे, "काळा सूट घालावा लागते का जी?" एका बाईंनी तर टाळ्या कधी वाजवायच्या याचा व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवला. कार्यक्रमात चुकीच्या जागी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या त्यांनीच.

धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या खोलीत मी तीस वर्षं व्हायोलिन शिकवतो आहे. कार्यक्रम ठेवणाऱ्या समितीला पाहुण्यांसोबत स्टेजवर बसवायला 'स्थानिक होतकरू मुलं' हवी होती, आणि तशी बारा पोरं माझ्याकडेच निघाली. समितीचे सचिव धापा टाकत तीन जिने चढून आले. "गुरुजी, तुमचा सत्कारही ठेवला आहे. शाल, श्रीफळ, सगळं." मी नको नको म्हणालो. म्हणजे एकदाच म्हणालो.

पोरांनी तीन महिने जीव तोडून मेहनत केली. आम्ही मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवणारे. त्यांना आता खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरायचं होतं. माना अवघडल्या. पाहुण्यांनी पाठवलेले कागद मी सारेगममध्ये उतरवून दिले. सगळ्यांत तयार होती एक चौदा वर्षांची पोरगी. आजा मागावर लुगडी विणायचा, बाप ई-रिक्षा चालवतो, आई आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात आया. आईनं तिचा रियाज आजवर ऐकला तो भांडी घासता घासता, "बंद कर वं आता, डोकं दुखून राहिलं" असं ओरडत.

"सर, माय येऊन राहिली ऐकाले," पोरगी मला म्हणाली. "सुट्टी टाकली तिनं. इतक्या लोकांत तिले माझं ऐकू येईन ना?"

"येईल की!" मी छातीठोकपणे सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तालीम झाली. समोर उभं राहून हातवाऱ्यांनी सगळ्यांना चालवणारा त्यांचा म्हातारा संचालक मोठा गोड माणूस निघाला. आमची दोन पोरं बेसूर झाली, तर तो हसला आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मग पोरीला चार ओळी एकटीला वाजवायला लावल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि आपल्या कागदावर पेन्सिलीनं खूण केली. कसली, ते कोणी विचारलं नाही. इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की आमच्या समितीची दातखीळ बसते.

सचिवांना मात्र त्या दोन बेसुरांनी घाम फुटला. "गुरुजी, मंत्री येणार आहेत! इज्जतीचा फालुदा होईल. पोरं फक्त दिसली पाहिजेत, आवाज ते लोक काढतील. तुम्ही मागे साबणाचं सांगत होता ना?"

सांगितलं होतं, मीच. चहा पिताना शहाणपण पाजळायची खोड, दुसरं काय! गजाच्या केसांना राळ चोळलेली असते म्हणून तो तारेला धरतो. ती राळ पुसून वर कोरडा साबण फिरवला की गज नुसता घसरतो. हात झोकात हलतो, आवाज शून्य.

"त्या दोघांचेच करतो," मी म्हणालो.

"सगळ्यांचे करा. भेदभाव नको." समतेचा पुतळाच जणू!

तिथंच त्याला जोड्यानं मारून पोरं घेऊन निघून यायला हवं होतं. पण पत्रिकेत माझं नाव जाड अक्षरांत छापलं होतं, आणि ती पत्रिका मी माझ्या साडूपर्यंत पोचवली होती. पोरं जेवायला गेली, तेव्हा मी मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला, बाराही गज पुसले, वर साबण फिरवला, पोरांच्या राळेच्या वड्या स्वतःच्या खिशात घातल्या. वर त्यांनाच दम दिला, "स्टेजवर जाईपर्यंत गजाला हात लावायचा नाही. परदेशी शिस्त आहे." थू माझ्या जिंदगानीवर!

संध्याकाळी आधी माझा सत्कार उरकला, मग वादन सुरू झालं. साठ वादकांच्या गजरात बारा पोरं मुकी आहेत हे कोणाच्या बापाला कळत होतं? पोरांनाही वाटलं असेल, एवढ्या आवाजात आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. मंत्री मोबाइलमध्ये, सचिव मंत्र्यांमध्ये. सगळं निभावलं असं वाटलं, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पोरीकडे वळून हसला. सकाळची खूण ही होती.

तिनं गज ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. तिनं गजाच्या केसांवर बोट फिरवलं. राळेची पांढरी पूड बोटाला लागली नाही, तसं तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. स्टेज दहा पावलांवर होतं आणि राळ माझ्या खिशात. मी खांद्यावरची शाल नीट करत बसलो. म्हाताऱ्यानं गोंधळून पुन्हा सगळ्यांना सुरू केलं. सचिवांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

बाहेर तिची आई नवी साडी नेसून उभी होती. "सर, काहून नाही वाजलं जी तिचं? घरी तर वाजते."

"घाबरली," मी म्हणालो. "पहिल्या वेळी होतं असं."

पोरगी बाजूलाच होती. मी काय केलं ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला. सांग, सांगून टाक, चारचौघांत माझी लाज काढ, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"हाव माय," ती म्हणाली. "घाबरली मी."

आणि रोजच्यासारखी वाकून माझ्या पाया पडली.