आक्कानं कापलेली कथा

...तर माझी नात दारात उभी, तोंडाचा आ वासलेला, आणि समोर आक्काच्या टेबलावर नातीच्याच अक्षरातली एक कागदी बाही! इथवर आलो होतो ना काल?

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. मशीनबरोबर तोंडही चालू. बटण लावायला आलेला माणूस गोष्ट संपल्याशिवाय उठत नाही. तिची रीत एकच. आधी रद्दी कागदावर बेतायचं, कागद कापायचा, मगच कापडाला हात.

नातीनं आयुष्यातली पहिली कथा लिहिली. हातानं, अठरा पानं, दुसरी प्रत नाही. आक्काला वाचून दाखवली अन् पानं तिथंच विसरली. स्पर्धेला द्यायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. आक्कानं चष्मा न लावता रद्दी समजून सगळी थप्पी कापली! उरलेले कपटे कचऱ्याच्या गाडीत गेलेसुद्धा.

मी चौथी पास, नुसती सही करायची तरी घाम फुटतो. अठरा पानं म्हणजे काय, ते मला विचारा.

"आक्काआजी, हे काय केलंत?" पोरीनं ती बाही उचलली. "आता मी लिहिणारच नाही. कधीच नाही!"

आक्काच्या हातातली कात्री खाली पडली. ती गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

"आक्के, बोल की काहीतरी!"

"तू थांब रे ठोंब्या," ती म्हणाली. नातीला शेजारी बसवून आक्कानं पोरीचीच कापलेली कथा तिला तोंडी सांगायला घेतली. नवरा निघून गेलेली बाई. तो घरातच आहे असं शेजाऱ्यांना वाटावं म्हणून रोज त्याच्या चपला घालून अंगणात फिरते, तळ झिजवते. माझ्या अंगावर काटा! पंधरा मिनिटांत कथा संपली. पोर थक्क.

"आजी, पण सूर्योदयाची चार पानं राहिली. बाजाराचं वर्णनही."

आक्कानं कात्री उचलली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "चूक माझी, दहादा माझी. पण मला आठवलं ते कापड, राहिलं ते कपटे. रात्र पडायला अजून वेळ आहे, बस आणि लिही. आणि बाई, दोन प्रती काढ. या घरात कात्री आहे."