आईचं अंग, आईचा धवला

आमच्या बोनकोड्यात लग्न भटजी लावतो, पण लग्न लागलं असं बायका मानतात ते धवलारीन गायल्यावरच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, वेगळा. पुढची ओळ धवलारनीने द्यायची, बाकीच्या बायकांनी ती मागून ओढायची. माझी आई धवलारीन होती. ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, कारण शाळेच्या ऑफिसात नोकरी करत असले तरी लहानपणापासून तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे ती मीच. सगळं तोंडपाठ होतं. निदान मला तसं वाटायचं.

भावाच्या मुलीच्या पाठवणीला मी शेवटच्या कडव्यापाशी आले आणि डोकं कोरं झालं. ओळ जिभेवर घोटाळतेय असंही नाही. जिथे ती होती तिथे काहीच नव्हतं. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी काकी, म्हणजे आईची धाकटी जाऊ, कानाशी लागली. "काय गो, आटवत नाय कं?"

मी मान हलवली. तिला येत असतं तर तिने सांभाळून घेतलं असतं. पण ते कडवं आईने माहेराहून आणलेलं, धवलारनीने एकटीनेच म्हणायचं, आमच्या दोघींशिवाय कुणाला येत नव्हतं. नवरी तशीच गाडीत बसली.

त्याआधीही डोक्याचं काहीतरी चाललं होतंच. दूध उतू जायचं, शाळेत रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव सुचायचं नाही. मी वयावर ढकलायचे. वजनावर कोण ढकलतं? वजन माझं शंभरीपार गेलेलं, आणि खरं सांगते, मला त्याची लाज नव्हती. आई तशीच होती. भरलेले दंड, ऐसपैस मांडी, चालताना दोन्ही बाजूंना डुलणारं अंग. बाळंतपणानंतर मी फुगले तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "आयच झाली गो आयशीची!" आई गेल्यावर तर मी ते अंग दागिन्यासारखं सांभाळलं. आरशाकडे पाठ करून मान वळवली की मला आई दिसायची.

मुलगी मात्र हट्टी. तिने मला खारघरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी माझ्या कानशिलावर गार जेल लावलं, त्यावर पेनाएवढं यंत्र टेकवलं आणि खोलीत माझ्याच मेंदूत चाललेल्या रक्ताचा आवाज घुमायला लागला. माझे वडील खाडीकाठी मीठ पिकवायचे. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाला एक दार असायचं, त्याला उघाडी म्हणत. उघाडी गाळाने तुंबली की पाणी यायचं, पण असंच, दमत दमत. मी तिथेच पडल्या पडल्या म्हटलं, "बाई, तुंबलंय ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "वजन नुसतं गुडघ्यांवर बसत नाही हो. साखर, प्रेशर, झोपेत अडकणारा श्वास, सगळं मिळून रक्तवाहिन्यांना त्रास देतं. मेंदूला हवं तेवढं रक्त जात नाही." मग ऑपरेशनचं बोलल्या. पोट लहान करायचं, वजन उतरवायचं. त्यानंतर मेंदूकडचा रक्ताचा ओघ सुधारल्याचं काही जणांत दिसलं होतं. "तुमच्यात सुधारेलच असं मी म्हणणार नाही."

"आणि गाणं?"

"कुठलं गाणं?"

आता त्यांना काय कप्पाळ सांगू? मुलीनेच सगळं सांगितलं. बाई गंभीर झाल्या, म्हणाल्या, एखादी विसरलेली गोष्ट परत येईल असं कुठलाच डॉक्टर लिहून देणार नाही.

 मुलीचं लग्न ठरलं होतं, पुढच्या वर्षीचं. परतताना सायन-पनवेल रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली तेव्हा ती म्हणाली, "मला दुसरी धवलारीन नको, आई. मला आजीचं शेवटचं कडवं हवंय. तू म्हटलेलं." एवढंच म्हणाली. 

कुणी विचारेल, रेकॉर्ड नाही का केलंत? आईचा नियम होता. लग्न नसताना धवला म्हणायचा नाही, अपशकुन होतो. आणि लग्नात म्हटलेला? तोही गेला. आमच्या गावाने अक्कल चालवली. व्हिडिओवाल्यांना सांगून लग्नाच्या प्रत्येक कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवून घेतली. धवल्याने म्हणे व्हिडिओ जुनाट वाटतो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आई तोंड हलवतेय आणि आवाज भलत्याच कुणाचा.

मी ऑपरेशनला तयार झाले. काकीने हात टेकले. "पोट कापून डोका कसा बरा व्हयल गो? इकरं पाय दुकतंय आनि तिकरं हात बांधतंस." तिचं म्हणणं मलाही पटत होतं, पण दुसरा उपाय कुणाकडे होता?

ऑपरेशननंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आधी नुसतं पातळ, मग चमच्याने मऊ. केस हातात यायचे. काकीने एकदा जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी आणली. जिताडा म्हणजे आमच्या खाडीतल्या माशांचा राजा. आई त्याचं डोकं माझ्या ताटात वाढायची, भावांना नाही. दोन घास खाल्ले आणि पोट भरलं. भूक नव्हती, पण खायची इच्छा अशी दाटून आली की मी ताटासमोर बसून रडले. काकी घाबरली, तिला वाटलं टाके दुखतायत.

वजन उतरत गेलं. आरशाकडे पाठ करून मान वळवली तर तिथे कुणीतरी हडकुळी, लोंबत्या कातडीची बाई. आई नव्हती. आईचं अंग देऊन आईचं गाणं मागायला निघालेली मी. सौदा तरी कसला केला होता? तपासणीला गेले तेव्हा बाईंनी परत कानशिलाला यंत्र लावलं. आवाज आता मोकळा येत होता. मलाही कळत होतं.

डोकं खरंच हलकं झालं. नावं आठवायला लागली, दूध उतू जायचं थांबलं. एका दुपारी चादरींच्या घड्या घालताना पाठवणीचं पहिलं कडवं आलं, मग दुसरं. मोठ्याने म्हणायचं नाही म्हणून ओठ मिटून मनात म्हटलं. मनात म्हटलेलं चालतं की नाही, हे आईला विचारायचं राहून गेलं. पण गाण्याबरोबर आईही यायला लागली. तिच्या पदराला येणारा सुकटीचा वास, मला हाक मारताना शेवटी लांबवलेला सूर. एवढी वर्षं मी ती गेल्याचं सहन केलं ते बहुतेक डोक्यातल्या त्या धुक्यामुळेच. धुकं गेलं आणि मला ती रोज हवीशी झाली.

शेवटचं कडवं तेवढं येईना. लग्न जवळ आलं तसा मी माझ्या लग्नाचा व्हिडिओ काढला, आवाज बंद केला आणि आईच्या ओठांकडे बघत बसले. पहिलं कडवं ओठांवरून वाचता आलं. दुसरंही. शेवटचं आलं आणि आईचे ओठ मिटले. तिने पदर तोंडाला लावला. मागच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या, माझ्याकडे बघत होत्या तशाच. मी मागे नेऊन परत बघितलं. तेच. म्हणजे आईही विसरली होती? त्या वयात? मग हे आमच्या घराण्यातच असणार, आणि पोट मी फुकट कापून घेतलं. मुलीला मी काही बोलले नाही.

पाठवणीला अंगण भरलं होतं. जुनं ब्लाउज शिवणीत आत घेऊनही मला ढगळ होत होतं. गायला लागले. पहिलं कडवं नीट गेलं, दुसरं गेलं, बायका मागून ओढत होत्या. मुलगी उंबऱ्यातून बाहेर पडली, तिची पाठ मला दिसली, आणि शेवटचं कडवं आलं. अख्खं, आईच्या आवाजात. "मागे वळून बघू नको पोरी, दारात आता मी नाही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

बायका थांबल्या. काकी जवळ सरकली. "आटवत नाय कं गो?"

"आटवतंय काकी," मी म्हटलं. "सगला आटवतंय."

तेवढ्यात गाडीपाशी पोचलेल्या मुलीने मागे वळून बघितलं. मी दारात उभी होते. माझ्या लग्नात मीही असंच वळून बघितलं होतं, आणि आई ते कडवं न म्हणता दारात उभी होती.