जावक क्रमांकासह अटक

माझ्या नवऱ्याला आमच्याच झोपायच्या खोलीत तीन तास अटक झाली होती. अटक करणारा दिल्लीत बसला होता, निदान तसं तो म्हणत होता, आणि अटक झालेला माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर हजर झाला होता. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, शिकलेला माणूस कसा काय फसला? मला या प्रश्नाचाच राग येतो. अडाणी माणूस फसलाच नसता. त्यानं एक शिवी हासडून फोन ठेवला असता. असं फसायला चौतीस वर्षं सरकारी नोकरी करावी लागते.

हे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. चिकलठाण्याकडं आमचं छोटं घर आहे, तिथं दोघंच राहतो. निवृत्तीनंतर यांचा मुख्य उद्योग म्हणजे दुसऱ्याच्या मूर्खपणावर निकाल देणं. शेजारच्या भाईंचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. आज तुमची लाईट कापणार, असा त्यांना एकदा फोन आला, आणि समोरच्यानं सांगितलं ते सगळं दाबत गेल्यामुळं त्यांचं खातं रिकामं झालं. यांनी ते प्रकरण सहा महिने पुरवलं. "भाई, लाईटवाले कधी सांगून लाईट घालवतात का?" असं गेटवर उभं राहून विचारायचे. भाई कसनुसं हसून आत जायचे. मला ती थट्टा आवडायची नाही, तरी मीही हसायचे.

आता माझे गुडघे. दोन्ही कामातून गेलेले. डॉक्टरांनी बदलायला सांगितले, त्यासाठी आम्ही बँकेत एक ठेव केली होती. ठेवीची पावती कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. चौतीस वर्षांच्या नोकरीत या माणसानं ऑफिसातली एक फाईल हरवली नाही, पण घरातली एकही वस्तू यांना सापडत नाही, म्हणून ही व्यवस्था. पुढं तीच कामाला आली.

तो शनिवार होता. सकाळी साडेदहाला यांना फोन आला. बोलता बोलता हे उठून उभे राहिले, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हे फक्त साहेबाचा फोन असला की उभे राहतात. ही यांच्या घरातलीच खोड आहे. सासरे सांगायचे की पोलीस अ‍ॅक्शननंतर निजाम गेला, पण गावोगाव फिरून सारा-दप्तर तपासणारा गिरदावर तोच राहिला, आणि तो दिसला की आमच्यातली माणसं तशीच उभी राहत राहिली. फोन संपल्यावर यांनी घाईघाईनं दाढी केली, शर्ट बदलला आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

अर्ध्या तासानं दार किलकिलं झालं. "फुलस्केप कागद कुठं हायेत?"

"कशाला पायजेत?"

"गोपनीय हाय."

या शब्दापुढं मी आयुष्यभर गप्प बसत आले. साहेब वर्षाच्या शेवटी कारकुनांचे गोपनीय अहवाल लिहायचे, त्यात काय लिहिलंय या काळजीनं आमच्या घरात दर वर्षी महिनाभर जेवण जात नसे. मी कागद दिले. पण जेवायची वेळ झाली तरी दार उघडेना, तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गेले आणि खिडकीतून पाहिलं.

मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यात खाकी कपड्यातला एक पोरगेला माणूस, मागं झेंडा. आणि आमचे हे पलंगाच्या कडेला गुडघे जुळवून बसलेले, हातात खुलासा. होय, खुलासा. कारणे दाखवा नोटीस आल्यावर नोकरदार माणूस साहेबाला लिहून देतो, तो. डावीकडं समास दुमडलेला, वर विषय, खाली संदर्भ, आणि दोन प्रती. चोराला कुणी दोन प्रतींत उत्तर लिहून देतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हे वाचू लागले, "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की..."

"हिंदी में बोलो," तो खेकसला.

मग तुटक्या हिंदीत सगळा प्रकार माझ्या कानावर आला. यांच्या आधार कार्डावर कुणीतरी सिम घेतलं होतं म्हणे, त्यावरून काळ्या पैशाचे व्यवहार झाले, वॉरंट निघालंय, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, बायकोशीसुद्धा बोलायचं नाही. सुटायचं असेल तर जी काही ठेव असेल ती तपासणीसाठी सरकारी खात्यात जमा करायची, निर्दोष ठरलात की परत. यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "साब, मेरी गलती क्या है, इतना तो बताओ."

"वो बड़े साब तय करेंगे. आप जितना बोला उतना करो."

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. हे बोलणं मी आधी कुठंतरी ऐकलंय असं वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. कारण हे उठले, बाहेर आले आणि माझ्यापुढं हात केला.

"किल्ली दे. ठेवीची पावती काढायचीय. बँक चालू हाय आज."

"गुडघे माझे हायेत," मी म्हणाले.

"तुला कळत नाय. जावक क्रमांक दिलाय त्यांनी."

इथं मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. सरकारी कचेरीतून कागद बाहेर पडताना त्यावर जो नंबर टाकतात, तो जावक क्रमांक. हे म्हणे शंका आल्यामुळं हुशारीनं विचारून बसले होते की तुमच्या पत्राचा जावक क्रमांक काय. त्या भामट्यानं चार तिरप्या रेघा असलेला एक लांबलचक आकडा पटकन सांगितला. यांनी तो दोनदा लिहून घेतला आणि शंका मिटली. एवढा लांब नंबर खोटा कसा असेल? हे यांचं तर्कशास्त्र. भाईंना निदान कुणी नंबर तरी दिला नव्हता.

मी घड्याळाकडं पाहिलं. पावणेदोन. मग मी सरळ खोलीत गेले आणि मोबाईलसमोर बसले.

"साहेब, जेवलात का?" मी विचारलं.

तो गोंधळला. "मॅडम, आप हटिए. ये सीक्रेट इन्क्वायरी है."

"दीड वाजून गेला. मी चौतीस वर्षं यांचा डबा भरलाय. या वेळेला जागेवर सापडणारा साहेब मला माहीत नाय. त्यात शनिवार. आन् एका माणसासाठी तीन तास? आमचं घर नावावर व्हायला चौदा खेटे घातले, एकाही साहेबानं यांना तीन मिनटं दिली नायत."

तो मला अटक करायच्या गोष्टी बोलू लागला. मी म्हणाले, "या की. फक्त जीप दारापर्यंत आणा, मला चालवत नाय. आन् जे काय असंल ते लेखी पाठवा, शिपायाच्या हाती. सही करून घेईन." त्यावर त्यानं अस्सल शिवी दिली. इतका वेळ सरकारी भाषा बोलून तोही दमला असावा. मी फोन बंद केला.

हे माझ्यावर चिडले. चोरावर नाही, माझ्यावर. "साहेबांशी असं बोलतात का?" म्हणाले. नंतर दोन दिवस रस्त्यावर गाडी थांबली की हे खिडकीशी जात. तिसऱ्या दिवशी भाईच यांना सायबर पोलिसांकडं घेऊन गेले. भाईंनी थट्टेचा एक शब्द काढला नाही, ते मला फार लागलं. तिथं दोघांना बाकावर बसवून ठेवलं, अर्ज परत लिहायला लावला, आधारच्या दोन झेरॉक्स मागितल्या आणि उद्या या म्हणून सांगितलं. घरी आले तेव्हा यांचा चेहरा शनिवारनंतर पहिल्यांदाच सैल झालेला होता. खरं सरकार कसं असतं ते यांना ओळखू आलं होतं.

त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. खुलाशाची दुसरी प्रत हातात होती, फाडायला आणली असावी, पण फाडत नव्हते.

"ती फर्दापूरकडची म्हातारी आठवती का तुला?" त्यांनी विचारलं.

आठवली. सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी झालं होतं. ऑफिसात कुणी दाद देईना म्हणून पत्ता काढत घरी आली होती. यांची आंघोळ होईपर्यंत ती गेटबाहेर उन्हात उभी होती. मी तिला पाणी दिलं, पण आत बोलावलं नाही. हे बाहेर आले तेव्हा ती हात जोडून म्हणाली होती, "साहेब, माझं चुकलं काय, तेवढं तरी सांगा." आणि यांनी पंच्यानं डोकं पुसत तिला सांगितलं होतं, "ते मोठे साहेब ठरवतील. तुम्ही सांगितलं तेवढं करा."

"मी असाच बोलायचो का गं?" यांनी विचारलं.

गेले तीन दिवस मी यांना सोडलं नव्हतं. जावक क्रमांकावरून तर जेवताना, झोपताना टोमणे चालू होते.  तेव्हा मात्र यांची लाज वाटत होती आणि माझी त्याहून जास्त, कारण त्या दिवशी ती गेल्यावर गेटची कडी मीच लावली होती.

"व्हय," मी म्हणाले.