मामांची सीडी

ढोकीच्या साखर कारखान्यात बिभीषण मामांनी जन्मभर काट्यावर बसून उसाच्या गाड्या तोलल्या, आणि रिटायर झाल्यावर अख्खं गाव तोलायला घेतलं. पुण्याहून त्यांनी जुना जपानी सीडी रेकॉर्डर आणला. चांगला लोखंडी पेटीएवढा जड. वर मखमलीचा रुमाल, समोर एकच खुर्ची, ती त्यांची. बाकीच्यांनी उंबऱ्यातून ऐकायचं. वर आणखी, "तुमच्या कानाला काय कळतंय?"

भाची वर्षाराणीला या माणसाचा मनापासून तिटकारा होता. यंत्र दिवसातून दहांदा पुसतील, पण मामी तापानं फणफणली तरी कपाळाला हात लावणार नाहीत, असले हे मामा.

तिची आई कमलबाई येडेश्वरी देवीची आराधीण, देवीची गाणी गाणारी. येरमाळ्याच्या जत्रेत तिनं सूर धरला की बाकीचे मेळे गप बसायचे. लेकीसाठी तिनं एक गाणं रचलं होतं, अजून लेकीलाही ऐकवलं नव्हतं. वर्षाराणीनं मोबाइल पुढं केला, तर मामा अंगावर आले. "त्या डबड्यात कशाला? माझ्याकडं असल माल हाय." बहिणीला खोलीत बसवून, दार लावून त्यांनी सगळी गाणी सीडीवर घेतली. आवाज जास्त चढला की यंत्रावर लाल दिवा लागायचा, मामांची नजर तिथंच. भाचीनं ऐकायला मागितलं, तर म्हणाले, "सीडी पुरी भरू दे."

आषाढात कमलबाई गेली. पाठोपाठ यंत्रातली सीडी वाचणारी लेन्सही गेली. वर्षाराणी म्हणाली, "सीडी द्या मामा, धाराशिवला दुसऱ्या प्लेअरवर लावते."

"वाजायची न्हाय," मामा म्हणाले. "शेवटी ह्याच यंत्रात सीडी बंद, म्हंजी फायनल, करावी लागती, मगच ती दुसरीकडं वाजती. म्या केलीच न्हाय. दोन गाण्यांची जागा उरली होती."

जागा उरली होती म्हणे! वर्षाराणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत दोन मोळ्या कमी भरल्या म्हणून यांनी तिची आई कोंडून ठेवली होती.

तरी तिनं राग गिळला. "आई गायली तवा तुम्ही समोरच होता. माझं गाणं काय होतं, तेवढं सांगा. एक ओळ सांगितली तरी चालंल."

मामांनी यंत्रावरचा मखमलीचा रुमाल नीट केला.

"शब्द काय ध्यानात न्हाईत," ते म्हणाले. "पण दिवा एकदाबी लाल झाला न्हाय बघ."