‘हितं’ आणि ‘येथे’

“काका, तुम्ही हे क्षेत्र का निवडलंत?”

पुण्याहून आलेल्या डिझायनर बाईंनी हे विचारलं तेव्हा मी भिंतीवर अक्षरं रंगवत शिडीवर होतो आणि त्या खालून मोबाइलवर माझं शूटिंग करत होत्या. फक्त हातांचं. चेहरा त्यात येत नव्हता, म्हणून उत्तर देताना तोंड कसंही झालं तरी चालणार होतं.

“जमतं म्हणून,” मी म्हणालो. त्यांना ते फार आवडलं. ते खोटं होतं.

मी धुळ्याकडचा. आमच्या घरात अहिराणी बोलतात. आठवीनंतर शाळा सोडली आणि ठेकेदाराबरोबर बारामतीच्या एमआयडीसीत पॅकिंगला आलो. खोक्याला टेप लावायची, पुढं सरकवायचं. माझ्या हातची खोकी कुठं गेली, कुणी उघडली, कधी कळलं नाही. एक दिवस शिफ्टला जाताना एका दूध डेअरीच्या भिंतीवर एक म्हातारे पेंटर अक्षरं काढताना दिसले. खडूची रेघ नाही, पट्टी नाही. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. भिंत डेअरीची, पैसे डेअरीचे, आणि कोपऱ्यात नाव या माणसाचं! कुणी त्यांना रागवलंसुद्धा नाही. त्या दिवशी माझी शिफ्ट बुडाली आणि पुढं कंपनीच सुटली.

माणसं असल्या लायनीत का शिरतात, याचं माझ्यापुरतं उत्तर तो कोपरा आहे.

त्या पेंटरांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला ठेवून घेतलं, जेवू घातलं, ब्रश धुवायला आणि मग धरायला शिकवलं. ओळखपाळख नसताना एवढं कोण करतं? त्यांचा एकच कायदा होता. “ज्या भिंतीवरची अक्षरं तुझी, त्या कोपऱ्यात सही तुझी. माझ्या हाताखाली करशील तवर माझी.” मी वाट बघत राहिलो.

माझी स्वतःची पहिली भिंत इंदापूरकडच्या वरकुट्याला मिळाली. एका डाळिंबवाल्या तात्यांची, रोपवाटिकेची. आबांनी मला एकट्याला पाठवलं. तात्या खाटेवरून म्हणाले, “लिव, हितं डाळिंबाची रोपं मिळत्याल.” आणि शेतात निघून गेले.

मी तेच लिहिलं. अक्षरन् अक्षर.

आमच्याकडं लहानपणापासून ऐकत आलो होतो, की शुद्ध मराठी म्हणजे पुण्याची. बारामती-इंदापूरही पुणे जिल्ह्यातच. मला वाटलं, शाळेत ‘येथे’ शिकवायचे ते जुनं झालं असेल, खरं शुद्ध हेच. ‘हितं’वरचा अनुस्वार तर मी इतका मन लावून काढला होता, आबांच्या पद्धतीचा, तिरपा, देठावरून नुकत्या सुटलेल्या थेंबासारखा. सहीसाठी बारीक ब्रश हातात घेतला आणि मागं तात्यांचा मुलगा हसायला लागला. तो तेव्हा कॉलेजात होता. मग शेजारचे हसले. मग तात्या आले.

“आमाला अडाणी ठरवाय आलाय व्हय रं? रस्त्यानं सायब लोकं जात्यात हितनं!”

“तुम्हीच म्हणालात ना, तात्या, हितं…”

“बोलायचं येगळं, भिताडावरचं येगळं! एवढंबी कळंना?”

आबा मोटारसायकलवरून आले. “पोरगं खानदेशातलं हाय, तात्या. त्याला काय ठावं,” म्हणत त्यांनी माझ्याच हातानं भिंतीवर चुना मारून घेतला. मग ‘येथे डाळिंबाची रोपे मिळतील’ त्यांनी स्वतः लिहिलं. सही अर्थातच त्यांची. परतताना पार भिगवण रोडपर्यंत ते हसत होते, आणि मधेच म्हणाले, “त्यो थेंब मातर झ्याक काढला व्हतास.”

तेव्हापासून मी भितो. भिंतीवर लिहिण्याआधी शब्द कुणाला तरी दाखवून घेतो. मेडिकलवाल्याला, बसथांब्यावरच्या शाळकरी पोरींना. “बरोबर आहे ना?” त्या हसतात, पण सांगतात. मग फ्लेक्स आले. भिंती कमी झाल्या, आबांचा हात थरथरायला लागला. फ्लेक्सला कोपरा असतो, पण तिथं छापणाऱ्याचा मोबाइल नंबर असतो. आबांचं घर सांभाळत मी बांबूला फ्लेक्स बांधत हिंडलो.

आणि यंदा वरकुट्याहून फोन आला. तात्यांच्या त्याच मुलानं रस्त्याला हॉटेल काढलंय. हातानं रंगवलेली भिंत पाहिजे. रोपवाटिकेचीच ती भिंत. मला रात्रभर झोप आली नाही. आबांना सांगितलं तर त्यांनी त्यांचा बारीक ब्रश काढून माझ्या खिशात खोचला.

तिथं त्या पुण्याच्या बाईंनी मोबाइलवर मजकूर दाखवला. ‘हितं गावरान जेवान मिळंल.’

मी दोनदा वाचलं. सवयीनं म्हणालो, “बाई, हे चुकलंय. ‘येथे’ पाहिजे.”

त्या हसल्या. चांगल्या होत्या, उगाच वाईट कशाला बोलू. “नाही काका, तेच तर ठेवायचंय. लोकांना आपलं वाटतं.”

गल्ल्यावर तात्या बसले होते. थकलेत आता, पण जीभ तशीच. “पेंटर, तू मागं हेच लिवलं व्हतंस की!”

“व्हय, तात्या.” मला वाटलं, आता काही तरी म्हणतील.

“पर तू चुकून लिवलं व्हतंस. हिनं डोकं लावून लिवलंय.”

मुलगा हसला. तसाच, तेव्हासारखा.

मी रंगवलं. शेवटी ‘हितं’वरचा अनुस्वार आला आणि हात आपोआप तिरपा गेला. खालून बाई म्हणाल्या, “काका, डॉट गोल हवा, फाइलमध्ये आहे तसा.” मी पुसून गोल केला. मग खाली उतरलो, खिशातला ब्रश काढला आणि कोपऱ्यापाशी बसलो.

“तिथं काही नको हं,” त्या म्हणाल्या. “कोपरा मोकळा छान दिसतोय.”

मी तात्यांच्या मुलाकडं बघितलं. तो मोबाइलवर माझे हात बघत होता. “भारी आलंय,” म्हणाला.

कोरडा ब्रश खिशात ठेवून मी एसटीची वाट बघत उभा राहिलो. तिथं आईचा फोन आला. मी इथं नेमकं काय करतो, ते तिला अजून उमगलेलं नाही, पण विचारते रोज.

“काय लिखं आज?”

‘हितं’ला आमच्याकडं ‘आठे’ म्हणतात.

“आठे,” मी म्हणालो.

“इतलंच?”

“इतलंच.”

आबांना काय सांगायचं, ते अजून ठरवलेलं नव्हतं. एसटी आली.