अ‍ॅबर्डीन म्हणजे मनमाड

"ते राहू दे. जंक्शन कुठलं?" कुणी कुठल्याही गावाचं नाव काढलं की आमचे शेजारचे काका चष्मा कपाळावर सरकवून हाच प्रश्न टाकायचे. उभा जन्म मनमाड स्टेशनात गाड्या सोडण्यात गेलेला. निवृत्त होऊन नाशिकला इंदिरानगरात आले, पण जंक्शनाशिवाय जग चालतं हे काही त्यांना पटत नव्हतं. असा एखादा नमुना तुमच्याही शेजारी असेलच.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन गेली ती थेट शेटलंडला. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात सांडलेली बेटं. जावई त्यातल्या अगदी टोकाच्या बेटावर डॉक्टर. काकांनी तिथल्या बोटींचं वेळापत्रक तोंडपाठ केलं आणि आम्हाला वात आणला.

"अ‍ॅबर्डीन म्हणजे मनमाड समज. तिथून रात्रभराची बोट, सकाळी लेरविक, म्हणजे आपलं नाशिकरोड. पुढे बस, छोटी बोट, परत बस, परत छोटी बोट, की आलं उन्स्ट."

"म्हणजे त्र्यंबकेश्वर?" मी विचारलं.

"हां! फक्त देऊळ नाही आणि झाडंही नाहीत."

लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण एवढा लांबचा प्रवास तिला झेपणारा नव्हता, आणि काकू तर कधीच्याच गेलेल्या. तेव्हा माहेरच तिकडे निघालं. "आईच्या जागी मी," काका म्हणाले. डिंकाचे लाडू मी वळून दिले. वर "डिंक कमी पडलाय" हेही ऐकून घेतलं.

तिकीट काढताना कळलं, निघायच्या दिवशी अमावास्या.

"काका, अमावास्येला गाड्या सोडल्यात तुम्ही! तुमचा कुठे विश्वास?"

"माझा नाही गं, हिचा होता. लेकीच्या कामाला हिने अमावास्येला पाऊल टाकू दिलं नसतं." तारीख पुढे गेली.

नको तेच झालं. काका रात्रीच्या बोटीत असतानाच लेकीला वेळेआधी कळा सुरू झाल्या. तिला विमानाने हलवलं, जावईही सोबत गेला. कुठे, तर अ‍ॅबर्डीनला! इकडे काकांचा फोन लागेना; ते लाडवांचा डबा सांभाळत उन्स्टला पोचले, तर एका शेजारीणबाईंनी लेकीचं रिकामं घर उघडून दिलं. मागोमाग वारा सुटला. बोटी बंद, विमानं बंद.

फोन आला तेव्हा मला आधी हसूच आलं.

"अगं, पोरगी जंक्शनवर आणि मी पार पुढे!"

"बाळ कसंय?"

"मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनवर रडणं ऐकलं तिचं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही हवे होतात. आधीच्या तारखेला निघालो असतो तर होतोच की गं तिच्यापाशी." माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे? जा, हिच्या फोटोला सांग, नात झाली म्हणून."

"सांगते."

"आणि अमावास्येचं बोलू नकोस. तिला वाईट वाटेल."

मी लगेच गेले. कुलूप उघडलं, फोटोवरची धूळ पदराने पुसली.

"काकू, नात झाली," मी म्हटलं. "काका अगदी वेळेवर पोचले हं."