खोपकर मॅडम आणि दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

डॉ. निर्मला खोपकर यांना मी पहिल्यांदा भेटले ती नव्वदच्या दशकात, वाशीच्या एका महाविद्यालयात. एम.एस्सी.च्या संशोधनासाठी मी मार्गदर्शक शोधत होते. जीवरसायन विभागाच्या खिडकीतून मोकळे प्लॉट, अर्धवट उभ्या इमारती आणि पलीकडे खाडी दिसायची. मॅडमनी माझे गुण विचारले नाहीत. राहतेस कुठे, एवढंच विचारलं.

"तुर्भ्याला, बाजाराजवळ."

"मग तिथले हमाल ओळखीचे असतील?"

"माझे मामाच आहेत, कांदा-बटाटा मार्केटात."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. पाठीवर गोणी वाहणारे धडधाकट गडी चाळिशीतच छाती धरून का बसतात, हा प्रश्न त्यांना बरीच वर्षं छळत होता. माझा विषय त्याच दिवशी ठरला: बिडी ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या हमालांच्या रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा शब्द मला नवा होता. मॅडमनी तो समजावला. श्वासातून आलेल्या ऑक्सिजनपासून शरीरात काही उपद्रवी कण तयार होतच असतात आणि शरीर त्यांना आवरतं. ते आवरणं कमी पडलं, की हे कण रक्तातली चरबी बिघडवतात आणि ती चरबी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते. हा बिघाड मोजायची आमची पद्धत साधी होती. नमुन्यात एक रसायन घालून उकळायचं. बिघाड जितका जास्त, तितका गुलाबी रंग गडद.

तात्यामामांनी आधी बिडी न ओढणारे गोळा केले, मग ओढणारे. "भाची शिकतीया, वाईच रगात द्या," एवढ्या शब्दावर माणसं बाही वर करून बसली. बर्फाच्या डब्यात नळ्या घेऊन मी वाशीला यायचे. काही महिन्यांनी निकाल हाती आले. बिडी ओढणाऱ्यांच्या नळ्या इतक्या गडद गुलाबी होत्या की मी हरखून गेले. एका परिषदेसाठी निबंधाचा सारांशही आम्ही पाठवला आणि तो स्वीकारला गेला.

परिषदेच्या आधी मॅडमनी माझी वही मागवली आणि पानं उलटता उलटता त्या एका ठिकाणी थांबल्या.

"रक्त घेतल्याची वेळ आहे. द्रव वेगळा केल्याची वेळ या नावांपुढे का नाही?"

रक्त घेतलं की ते यंत्रात फिरवून त्यातला पिवळसर द्रव लगेच वेगळा करायचा असतो. बिडी ओढणाऱ्यांच्या आठवड्यात वीज सारखी जात होती. नळ्या दुपारपर्यंत टेबलावर राहिल्या होत्या, बर्फही वितळला होता. मी हे मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांचंच रक्त काढायला लावलं. अर्ध्या रक्तातला द्रव लगेच वेगळा केला, उरलेलं रक्त टेबलावर तसंच ठेवलं. दुपारी त्यातलाही द्रव वेगळा करून दोन्ही उकळले. टेबलावर राहिलेल्या रक्ताचा गुलाबी रंग स्पष्ट जास्त होता.

"दोन्ही रक्तं माझीच," मॅडम म्हणाल्या. "सकाळी मी बरी होते आणि दुपारी आजारी पडले, असं म्हणायचं का आपण?"

मला रडू आलं. त्यांनी ते आवरेपर्यंत वाट पाहिली आणि मग माझ्यासमोरच परिषदेला पत्र लिहिलं: निष्कर्ष खात्रीचे नाहीत, निबंध मागे घेत आहोत. खाली फक्त स्वतःची सही केली.

माझ्यापुढे दुसराच प्रश्न होता. प्रबंध संपला की लग्न, असं घरी ठरलेलं होतं. सगळं पुन्हा करायला आणखी एक वर्ष मागायचं कोणत्या तोंडानं? त्या रविवारी मॅडम आमच्या दोन खोल्यांच्या घरी आल्या. माझे वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी सरळच विचारलं, "म्हंजी पोरीचं वरीस फुकट गेलं म्हनायचं?"

"वर्ष गेलं, हे खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण चूक माझ्या प्रयोगशाळेत झाली. तिची वही मी वेळेवर बघायला हवी होती. तिला आणखी एक वर्ष द्या, एवढं मागायला आले आहे."

वडिलांनी चहाचा कप मॅडमपुढे सरकवला. मग म्हणाले, "करा मग पुरं."

बाजारात पुन्हा रक्त मागायला मी एकटी जाणार होते. मॅडमनी जाऊ दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत गोणींच्या थप्प्यांशेजारी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमचं आधीचं रक्त आमच्या चुकीमुळे वाया गेलं. पुन्हा द्याल का?"

काहींनी नाही म्हटलं. मॅडमनी त्यांचेही आभार मानले. शेवटी मामा पुढे झाले. "डॉक्टर लोक चूक झाली म्हनत्यात, हे आज पयल्यांदा ऐकलं," म्हणत त्यांनी बाही सरकवली. "पन आमच्या रगतात काय गावलं, ते आमास्नी सांगनार का?"

मॅडमनी शब्द दिला. या वेळी प्रत्येक नळीवर दोन्ही वेळा लिहिल्या गेल्या. निकालात फरक दिसला, पण पहिल्यापेक्षा बराच लहान. प्रबंधात तो तेवढाच लिहिला गेला. त्यानंतर मॅडम खरोखरच बाजारात गेल्या आणि घोळका करून बसलेल्या माणसांना म्हणाल्या, "तेल उघडं राहिलं की खवट होतं ना? रक्तातली चरबीही तशीच खवटते. बिडीच्या धुरानं जास्त. आणि ती खवट चरबी रक्ताच्या नळीला आतून धरून बसते."

"मग त्याच्यावर गोळी हाय का?" मामांनी विचारलं. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा तेव्हा फार बोलबाला होता.

"गोळीनं बरं होतं, असं मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. बिडी सोडा, हे मात्र सांगता येतं."

मामांनी बिडी लगेच सोडली नाही. आधी निम्मी केली, दोनेक वर्षांनी बंद केली. मी आज स्वतः शिकवते. विद्यार्थी हवा तसा निकाल घेऊन आनंदानं येतो, तेव्हा त्याला दुखावल्याशिवाय प्रश्न कसा विचारायचा, हे मी मॅडमना पाहूनच शिकले.

गेल्या वर्षी मॅडमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून हसल्या. "आयुष्यभर हाच आजार शिकवला, म्हणून तो मला सोडेल असं थोडंच आहे?"

आता त्या नेरूळच्या तलावाभोवती रोज संध्याकाळी फेऱ्या मारतात. मध्यंतरी मीही सोबत गेले होते. दुसऱ्याच फेरीत मी मागे पडले. मॅडमची पंचाहत्तरी पूर्ण होत असताना आम्हा सर्व विद्यार्थ्यांचं एकच मागणं आहे: त्यांच्या पावलांचा हा वेग पुढची कैक वर्षं असाच राहो, आणि त्यांना गाठताना धाप आम्हालाच लागो.